भरल्या ओटीचा शालू

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. फक्त बोदवडच्या एखाद्या जुन्या बाईसमोर मोठ्याने वाचू नका, एवढंच सांगतो.

आणि अंधार पडायची वाट बघू नका. ही रात्रीची गोष्टच नाही. सन १९८९, आखाजीचा म्हणजे अक्षय तृतीयेचा सण, गाव बोदवड, वेळ भर दुपारची. खानदेशातली वैशाखातली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे... तेव्हा गल्ली जितकी ओस असते तितकी अवसेच्या मध्यरात्रीही नसते.

आधी भागाबाईला यातून काय मिळणार होतं ते बघू. भागाबाई म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय भाजीवाल्याला पुढे सरकू न देणारी बाई. ती उगाच कशात पाय घालणारी नव्हती.

तिला हवा होता एक जावई. असा, की जो तिच्या मुलीच्या आधी मरणार नाही.

बस. एवढंच.

हसू नका. भागाबाईची आजी पोरवयात विधवा झाली. आई विधवा झाली तेव्हा भागाबाई पोटात होती. भागाबाई स्वतः विधवा झाली तेव्हा तिची प्रमिला रांगत होती. दुसऱ्यांच्या घरात आईकडून मुलीला पाटल्या येतात, पितळी डबे येतात. या घरात पांढरं कपाळ येत होतं. आणि ते कधी चुकलं नव्हतं.

प्रमिलाचं लग्न ठरलं शिंदखेड्याच्या अभिमनशी. भागाबाईने जमीन किती ते नंतर विचारलं. आधी विचारलं, "पोराले खोकला हाय का?"

"नही."

"विहिरीत पोहतो का?"

"मस्त पोहतो!"

"मग पोहू नको म्हणा."

एवढं करूनही तिच्या जिवाला थारा नव्हता. शेवटी ती गेली कुंदाबाईकडे. शालू मागायला.

हा शालू बोदवडमध्ये सगळ्या बायांना माहीत होता. कुंदाबाईची सासू भिकुबाई, तिच्या लग्नातला. जांभळट लाल, बनारसी, काठाला खरी रुप्याची जरी. भिकुबाई अहेव गेली होती, म्हणजे नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन. त्यामुळे तिच्या शालूला मान. गल्लीतली नवरी लग्न लागलं की पिवळी साडी बदलायची आणि सासरी निघताना हा शालू नेसायची. दोन-चार दिवसांत शालू परत. कुंदाबाई त्याचं काही घेत नसे. घ्यायची तो फक्त मान, आणि तो मात्र मोजून घ्यायची. कुठल्याही लग्नात पहिलं कुंकू तिला लागलं नाही तर ती जेवायला बसायची नाही.

"खरं सांग कुंदा," भागाबाई म्हणाली. "हा नेसून गेलेली एखादी तरी रांडाव झाली का?"

"एकही नही."

"देवाशप्पथ?"

"देवाची कशाले? आमच्या आबांची शप्पथ!" कुंदाबाईने ओट्याकडे बोट केलं. तिथे तिचा सासरा, भिकुबाईचा नवरा तोताराम आबा, सुपारी कातरत बसला होता. ऐंशीच्या पुढचा, पण ठणठणीत. "पाय. शालूची कमाई."

भागाबाईने मान हलवली. सौदा पटला.

विचारायचे प्रश्न खरं तर दोन होते. तिने एकच विचारला.

शालू न्यायची एक रीत होती. तो पाटावर ठेवायचा आणि त्याची ओटी भरायची. आधी गहू, मग हळकुंड, मग सुपारी, मग खोबऱ्याची वाटी, शेवटी खण आणि नारळ. सवाष्णीनेच भरायची. भागाबाई विधवा. ती दाराबाहेर उभी राहिली आणि तिच्या मुलीसाठी शेजारणीने ओटी भरली.

मग घडी भागाबाईच्या हातात दिली.

आणि तिच्या हाताला जाणवलं...

शालू कोमट होता.

अंगावरून आत्ताच कोणीतरी काढून ठेवलेल्या कपड्यासारखा.

"पेटीत तापला असेल," कुंदाबाई म्हणाली.

भागाबाईने पेटीच्या पत्र्याला हात लावून पाहिला. आतल्या खोलीतली पेटी. पत्रा गार होता.

पण लग्नघरात अशा गोष्टींवर विचार करायला कोणाला वेळ असतो?

प्रमिला त्या शालूत अशी दिसली की तिची सासू कमलबाई आपल्या सुनेवरून गावाची नजर हटत नाही, असं वऱ्हाडात ओरडून सांगत सुटली, "बठ्ठा गाव देखी ऱ्हायना मनी सूनले!" शालू वेळेवर परत आला. भागाबाईने तो स्वतः घडी घालून नेऊन दिला. ती त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपली.

वर्ष गेलं.

आखाजीला लेकी माहेरी येतात. प्रमिलाही आली. एसटीतून उतरली तेव्हा भागाबाईला तिला ओळखायला जरा वेळ लागला. गालफडं बसलेली. डोळे मात्र चमकत होते.

"जेवत नही का वं? सासू जेवू देत नही का?"

"देते ना माय. खूप जपतात मले." प्रमिला हसली. "आमच्याकडे देवी येते."

"कोणती देवी?"

आणि प्रमिलाने सांगितलं. दुपारी घरातले सगळे कलंडले की परसात काकणं वाजतात. एकदोन नाही. भरलेल्या हाताची. ती उठून कडी काढते, पाहते...

कोणी नसतं.

ती परत येऊन बसते. आणि उठायला जाते तेव्हा पदर जड लागतो.

"काय असतं पदरात?"

"पहिल्यांदा गहू होते."

कमलबाईने ते गहू देव्हाऱ्यात ठेवले. साऱ्या गल्लीला सांगितलं, सुनेची ओटी देवी भरते, आता नातू होणार. मग काही दिवसांनी हळकुंड आलं. मग सुपारी. आणि काल, माहेरी निघायच्या आधी, खोबऱ्याची वाटी.

भागाबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? तिला वाटलं, आपल्या मुलीच्या सौभाग्यावर वरून शिक्का बसतो आहे. अशा गोष्टीचे आभार मानलेले बरे, पुढे काही लागलं तर तोंड असतं. म्हणून आखाजीच्या दिवशी जेवणं झाली, मांडे नि आमरस ओरपून झाले, प्रमिला आतल्या खोलीत आडवी झाली, तशी भागाबाई भर उन्हात कुंदाबाईकडे निघाली.

कुंदाबाई ओसरीत पाय पसरून बसली होती. भागाबाईने सगळं सांगितलं. गहू, हळकुंड, सुपारी, खोबरं.

"हे तर होतच असतं," कुंदाबाई म्हणाली. "सुनंदाही हाच शालू नेसून गेली होती, तिलेही असंच यायचं पदरात."

"व्हय का? कुठी असते आता सुनंदा? पाहिली नही बरेच दिवसांत."

"ती गेली ना. बाळंतपणात."

"...आणि लता?"

"लताचा विहिरीवर पाय घसरला."

"पुष्पा?"

"तिले ताप आला होता. तिसऱ्या दिवशी संपली."

पान लावण्यात गुंतलेल्या कुंदाबाईला भागाबाईचं तोंड दिसत नव्हतं.

"पण मरण कसं आलं सांगू एकेकीले! मळवट भरून, कोपरापर्यंत हिरवी काकणं. सासरच्या गल्लीतल्या बाया पाया पडायले धावल्या. असं मरण मागून मिळत नही, बाई."

ओट्यावरून तोताराम आबा बोलला. अडकित्ता थांबला नाही.

"भिकुबाईनंतर दुसरी आणली, तिलेही हाच शालू नेसवला होता. तीही अशीच गेली. शालू चांगलाच हाय. बाई पुढे गेलेली बरी. मागे राहिली का घरात कटकट."

भागाबाईने विचारलं.

"कुंदा... त्यांच्या ओटीत शेवटी काय आलं होतं?"

"खण-नारळ. दुसरं काय? पोरी गेल्या त्या दिवशी पदरात सगळं होतं म्हणतात. कोणी भरली ते नही कळलं."

भागाबाई उठली. चपला तिथेच राहिल्या.

रस्ता तापलेल्या तव्यासारखा. पाय भाजत होते. तिला कळत नव्हतं. निंबाच्या झाडाला आखाजीचे झोके बांधलेले. पोरी उन्हाला कंटाळून घरात गेलेल्या. गाणी बंद. गल्लीत माणूस नाही. कुत्रं नाही.

वारा तर अजिबात नव्हता...

आणि एक झोका हलत होता.

भागाबाईने तिकडे पाहिलं नाही. स्वतःच्या दाराशी आली. दार तिने ओढून घेतलं होतं. आता ते अर्धं उघडं होतं.

आतून आवाज येत होता.

सुपातून गहू ओतावेत तसा. हळू. सावकाश. घाई नसलेल्या बाईच्या हाताचा.

आतल्या खोलीत प्रमिला पाटावर बसली होती. पदर दोन्ही हातांनी पसरलेला. डोळे उघडे, पण समोर बघत नव्हते. ती हसत होती. आणि बोलत होती.

"बसा ना अक्का. येता कशा आणि जाता कशा. चहा ठेवते."

समोर कोणी नव्हतं.

पदरात गहू होते. हळकुंड होतं, सुपारी होती, खोबरं होतं. वर खण होता. हिरवा, कोरा. भागाबाईच्या घरात खण कधी आलाच नव्हता. विधवेच्या घरी कोण देणार?

नारळ तेवढा राहिला होता.

मग काकणं वाजली. अगदी जवळ. बाई पुढे वाकली की हातातली काकणं मनगटाकडे घसरतात ना... तसा आवाज.

आणि भागाबाईला प्रमिलाचं कपाळ दिसलं.

टिकलीएवढं कुंकू.

ते पसरत होतं.

कोणीतरी बोटाने ओढत न्यावं तसं, आधी या भुवईपर्यंत... मग त्या भुवईपर्यंत... मळवट भरला जात होता.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? भगत शोधला असता? देवाचं नाव घेतलं असतं? भागाबाईने देवाचं नाव आयुष्यभर घेऊन पाहिलं होतं. तिला दुसरंच एक ठाऊक होतं. तिच्या आईला ठाऊक होतं, आजीला ठाऊक होतं. या घरातल्या बायांनी ते अंगावर झेललं होतं.

विधवेची ओटी कोणी भरत नाही. जिवंत बाई भरत नाही. मग मेलेलीही भरणार नाही.

तिने कोपऱ्यातला वरवंटा उचलला. प्रमिलाचा हात धरला, उंबऱ्यावर दाबला आणि काकणं फोडली. एका हाताची. मग दुसऱ्या हाताची.

प्रमिला झोपेतून ओढून काढल्यासारखी किंचाळली.

"माय! काय करते वं! ते जिते हायेत! माय, ते जिते हायेत!"

"असू दे जिता."

भागाबाईने मंगळसूत्राला हिसका दिला. काळे मणी फरशीभर उडाले. स्वतःच्या पदराने मुलीचं कपाळ घासलं. इतकं घासलं की कातडी लाल झाली आणि कुंकू कुठलं, रक्त कुठलं, कळेना. पदर झटकला. गहू, खण, सगळं जमिनीवर.

"घे," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "हिचा नवरा मेला. भर आता कोणाची भरते ती."

शांतता.

मग काकणं वाजली. एक पाऊल मागे.

आणखी एक.

आवाज दारापर्यंत गेला...

दाराच्या बाहेर गेला नाही.

कारण दारात माणसं उभी होती. अभिमन आणि त्याची आई कमलबाई. देवीने निवडलेल्या सुनेला न्यायला सासू कौतुकाने स्वतः आली होती. हातात मिठाईचा पुडा. त्यांनी पाहिली ती फुटलेली काकणं, विखुरलेले मणी, पुसलेलं कपाळ. आणि वरवंटा धरलेली विधवा विहीण.

"मना पोऱ्या जित्ता शे!" कमलबाईचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. सगळी दारं उघडली. "जित्ता शे मना पोऱ्या! रांडमुंड मायनी पोरले बी रांडमुंड करी टाकी!"

अभिमनने फक्त स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. धडधडत होती. समाधान झालं असावं. दोघं उंबऱ्यावरूनच वळली. मिठाईचा पुडा मात्र परत घेऊन गेली.

भागाबाईने सांगायचा प्रयत्न केला. शेजारणींना, भाऊबंदांना, माझ्या वडिलांना. शालूचं नाव निघालं की बाया कानांवर हात ठेवायच्या. सुनंदाची आई तर अंगावर धावून आली. "माझी पोर पुण्यवान होती म्हणून अहेव गेली. तुझ्या पोरीचं घर तू मोडलं, त्याचं खापर शालूवर?"

सगळ्यांत वाईट बोलली ती प्रमिला. तिला काकणं फोडलेली आठवत होती. त्याआधीचं एवढंच आठवत होतं की कोणीतरी चांगली बाई आली होती, हसत होती, मायेने पाहत होती.

"तू जळली, माय," ती म्हणाली. "तुझं राहिलं नही, म्हणून माझंही राहू दिलं नही."

भागाबाईला तेही चालणार होतं. मुलगी बोलत होती. म्हणजे मुलगी होती.

पावसाळ्याच्या आत अभिमनने दुसरी बायको केली. प्रमिला बोदवडलाच राहिली. ब्लाउज शिवायची, फॉल लावायची. तब्येत भरली, खोकला नाही, ताप नाही. कपाळ मोकळं ठेवलं ते ठेवलंच. नवरा शिंदखेड्यात धडधाकट, आणि ही विधवेसारखी. लोक तिला काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

पण त्या घरात दुपारी एक गोष्ट घडत राहिली.

काकणं वाजायची.

प्रमिलाला ऐकू यायची नाहीत. फक्त भागाबाईला. चुलीपासून दारापर्यंत... दारापासून चुलीपर्यंत... हातात काहीतरी घेऊन आलेली, आणि ते कोणाला तरी देऊनच जायचं ठरवलेली बाई फिरते तशी.

मग भागाबाईच्या पदरात गहू आले.

हे तिने फक्त माझ्या वडिलांना सांगितलं. "भाऊ, माझी कोण ओटी भरतं? मले तर हळदीकुंकवालेही कोणी बोलवत नही." तिने ते गहू कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी शिवले नाहीत. मग हळकुंड आलं. मग सुपारी.

"पोरीले सांगितलं का?" वडिलांनी विचारलं.

"नही. सांगितलं तर ती मध्ये येईल."

वडील म्हणतात, एवढं बोलून ती हसली. वाण्याशी घासाघीस करून आपल्याला हवं ते वजन पदरात पाडून घेतलेली बाई हसते तशी.

१९९३चा वैशाख. प्रमिला दुपारी गिरणीवरून दळण घेऊन आली. दार आतून लावलेलं नव्हतं. भागाबाई कणगीला टेकून बसली होती.

दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवी काकणं.

कपाळभर मळवट.

पदरात गहू, हळकुंड, सुपारी, खोबरं, हिरवा खण.

आणि नारळ.

नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेल्या बाईच्या अंगावर.

अहेव गेलेल्या बाईच्या पायाला हात लावायला गल्ली धावते. त्या दिवशी एकही बाई उंबरा ओलांडून आत आली नाही. "विधवेनं हे काय थेर केले," कुंदाबाई बाहेरून म्हणाली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. प्रमिलाने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. निघालं नाही. तेल लावलं. निघालं नाही. राखेने घासलं...

शेवटी तिने हात खाली घेतला. आईच्या कपाळाकडे ती खूप वेळ बघत राहिली, असं वडील सांगतात. मग पहिल्यांदा तिने विचारलं, "मामा, त्या दिवशी माझ्या कपाळावरही असंच होतं का?"

वडील खोटं बोलू शकले असते. पण भागाबाईकडून ऐकलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

आता या सगळ्यात कोणाला केवढ्याला पडलं ते बघा. तोताराम आबा नव्वदी ओलांडून झोपेत गेला, त्याचं काही गेलं नाही. कुंदाबाईचा मान शाबूत. शालू तिच्या सुनेकडे गेला असं ऐकतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात लग्न निघालं की मी आधी नवरीचे कपडे कोणी आणले ते विचारतो. लोक हसतात. हसू देत. अभिमनला दोन मुलं झाली. त्याच्या दुसऱ्या बायकोची चौकशी मी केली नाही. धीर झाला नाही.

भागाबाईला उचलायला गल्लीतून कोणी येईना. तीन खांदे कसेबसे मिळाले, त्यांतला एक माझ्या वडिलांचा. चौथा मिळेना.

तो प्रमिलाने दिला.

तिरडीवर मेलेल्या नवऱ्याची बायको, मळवट भरलेली. तिरडीखाली जिवंत नवऱ्याची बायको, कपाळ आणि हात मोकळे.

भर दुपार होती. वडील सांगतात, नदीपर्यंत मागे कोणी नव्हतं.

फक्त काकणं वाजत होती... आणि ती तिरडीवरच्या हातातली नव्हती.